गवळणीच्या माळावरील शीव

श्री. ज्यास शीव नाही आणि ज्याचे पोटी सर्वांच्या शिवा सामावल्या, त्याचे पायी मस्तक ठेवून लिहिले ऐसे जे : शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, ते समयी आमचे राज्य सुखी होते. राज्याचे नाव लिहीत नाही. नावापायी जे जाहले तेच पुढे सांगावयाचे आहे, सबब नाव वगळूनच मजकूर लिहिला आहे. राज्याचे पूर्वेस शेजारचे राज्य होते आणि दोहोंचे मधी गवळणीचा माळ म्हणोन दोन कोसांचे गवताळ पठार होते, आणि माळाचे मध्यभागी तळे होते, ते भर चैत्रातही आटत नसे. माळाचे पश्चिमेस आमची कातळवाडी आणि पूर्वेस त्यांचे मोहगाव. दोन्हीकडील गुरे त्या माळावर एकत्र चरत, आणि कोणते जनावर कोणत्या राजाचे हे जनावरांस ठाऊक नसे आणि गुराखीही पुसत नसत. चैत्री पौर्णिमेस तळ्याचे काठी जत्रा भरे. मग मोहगावचे कुंभार माठ आणीत आणि कातळवाडीचे बुरूड सुपे आणीत, आणि बायका झाडाखाली बसून वर्षाचे राहिलेले बोलणे बोलून घेत, आणि सोयरिकी तेथेच ठरत. कोणी कोणास पुसले की, "कोण हो तुम्ही?" तर तो सांगे, "मी कातळवाडीचा, तुकोजी सुताराचा नातू, मोहगावच्या गोदूबाई माझ्या मावशी." एवढ्यात माणूस ओळखू येई. राजाचे नाव त्यात येत नसे. राजा म्हणजे दसऱ्यास हत्तीवर दिसतात ते, एवढेच रयतेस ठाऊक, आणि रयत म्हणजे दसऱ्यास हत्तीभोवती जमते ती, एवढेच राजास ठाऊक, आणि दोघांचेही बरे चालले होते.

शीव कोठे आहे हे मात्र दोन माणसांस बोटाबोटाने ठाऊक होते. आमचेकडे कातळवाडीचा धोंडनाक महार, आणि तिकडे मोहगावचा कान्हनाक. शिवेचे धोंडे राखणे आणि तंटा पडल्यास शीव चालून दाखविणे हे महाराचे वतनाचे काम, पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. जत्रेपूर्वी आठ दिवस हे दोघे आणि दोन्ही गावचे पाटील मिळून शीव चालत, आणि धोंडा कलला असेल तर उभा करीत, आणि त्यास चुना फासीत. तळ्याअलीकडे मात्र पाटील झाडाखाली बसत आणि तळ्यापाशील वाट हे दोघेच पाहून येत. कधी एखादा धोंडा पावसाने हातभर सरकलेला असे, मग धोंडनाक आणि कान्हनाक दुपारपर्यंत भांडत, ऐसे की पाटलांस भय वाटावे, आणि मग दोघे एकाच फडक्यातील भाकर खात. पुढे धोंडनाकाने आपली लेक राही कान्हनाकाचे घरी दिली आणि शिवेचे दोन राखणदार व्याही जाहले. राहीचे पाठीवर धोंडनाकास एक लेक होता, रतनाक. आई लवकर गेली, म्हणोन राहीनेच त्यास कडेवर वागवून मोठा केला होता. ती सासरी निघाली तेव्हां तो सात वर्षांचा पोर तळ्यापर्यंत तिचे मागे पळत गेला, हे मी पाहिले आहे. मी तेव्हां कातळवाडीचे चावडीवर कारकून होतो.

ते दिवस सर्वांसच गोड होते ऐसे लिहिले तर लेखणी खोटी पडेल. धोंडनाकाचे लोक तळ्याचे पाणी सांडव्याखाली उभे राहून घेत, आणि गावचे विहिरीवर त्यांस चढता येत नसे. ज्यास दोन राज्यांची हद्द तोंडपाठ, तो चावडीची पायरी चढत नसे, तो अंगणात उभा राहून "जोहार मायबाप" म्हणे आणि मी ओटीवरून विचारी. मला तेव्हां त्यात काही वाटले नाही. आता वाटते.

ऐसे चालले असता हुजुरांत अवधूतराव म्हणोन कारभारी आले, त्यांस सर्व पंत म्हणत. पुरुष मोठा विद्वान, हाताचा स्वच्छ, बोलणे गोड, आणि अंतःकरणात राज्याविषयी कळवळा. ते महाराजांचे वकिलीवर समुद्रकाठचे बंदरी गेले होते, आणि तेथे परमुलुखीचे एक जहाज आले होते. संध्याकाळी त्या जहाजावरील निशाण उतरले, तेव्हां कप्तानापासून तो स्वयंपाक्यापर्यंत सर्वांनी टोप्या काढल्या आणि एक म्हातारा खलाशी रडू लागला. अवधूतरावांनी दुभाष्यास पुसले, "हा का रडतो? याचे कोणी मेले काय?" दुभाषा बोलिला, "कोणी मेले नाही. त्यास त्याचा देश आठवला." हे अवधूतरावांचे मनात रुतले. ते परत येऊन महाराजांस म्हणाले, "महाराज, आपले रयतेस गाव आठवतो, मावशी आठवते, देश आठवत नाही. कातळवाडीचा मनुष्य आपल्याच राज्यातील दुसरे गावच्या मनुष्याचे बांधासाठी डोके फोडतो, आणि दोघेही आपलेच, हे त्यांस कोणी सांगितलेच नाही. एवढे सांगितले तर हे लोक डोंगर हालवतील." महाराज संतोष पावले आणि आज्ञा जाहली. मग प्रत्येक गावी चावडीपुढे काठी उभी राहिली आणि तिजवर निशाण चढले, आणि एक गीत रचिले गेले, आणि दर पौर्णिमेस सर्वांनी निशाणापुढे उभे राहून ते म्हणावे, आणि कोणी "कोण?" म्हणोन पुसले तर आधी राज्याचे नाव सांगावे आणि मग आपले, ऐसा हुकूम जाहला.

आणि खरे लिहावयाचे तर, आरंभी फार चांगले जाहले. धरणाचे पाण्यावरून तीन गावांचा तंटा आज्याचे वेळचा होता, तो एका पौर्णिमेस मिटला. परगावचा मनुष्य आजारी पडला तर लोक "आपला आहे" म्हणोन घरी नेऊ लागले. मीही ते गीत गात असे. माझा आवाज बरा होता, मला पुढे उभे करीत, आणि गाताना छाती भरून येई, ती खोटी भरत नव्हती. अवधूतरावांनी आणखी हुकूम केला की निशाणापुढे महारांसही उभे राहू द्यावे, मागील रांगेत का होईना. गावकरी कुरकुरले, परंतु हुकूम म्हणोन गप्प राहिले. रतनाक तेव्हां वीस वर्षांचा जाहला होता, उंच आणि रुंद खांद्याचा, आणि चावडीचे अंगणात पांढरीच्या, म्हणजे गावठाणातील, लोकांबरोबर उभे राहण्याची त्याची ती पहिली वेळ. तो घरी जाऊन बापास म्हणाला, "बा, आज पंतांनी सगळ्यांसमक्ष मला हाक मारली. 'हा देशाचा लेक' म्हणाले."

धोंडनाक घोंगडी शिवीत होता. तो म्हणाला, "बरं झालं. आनि पानी कुठून आनलंस?"

"सांडव्याखालून."

"मंग माझाच लेक हाईस अजून," ऐसे म्हणोन धोंडनाक हसला. रतनाक हसला नाही. त्याने पुढील महिन्यात पायदळात नाव घातले.

आमचेकडे निशाण चढले हे पाहून शेजारचे राज्यातही काठ्या उभ्या राहिल्या, आणि तेथेही कोणी शहाणा कारभारी होताच, त्यानेही गीत रचिले. दोन्ही गीतांत गवळणीचे तळे "आमची माय" म्हणोन आले होते. मग एके वर्षी जत्रेत आमचे तरुणांनी आमचे गीत म्हटले, आणि त्यांचे तरुणांनी त्यांचे म्हटले, आणि आवाज चढले, आणि माठ फुटले, आणि एका सुताराचा डोळा गेला. पुढील वर्षी जत्रा भरली ती दोन ठिकाणी, तळ्याचे दोन काठांवर. आणि त्याचे पुढील वर्षी भरलीच नाही. बायकांनी वर्षाचे राहिलेले बोलणे आता कोणाशी बोलावे? ज्या मोहगावच्या लेकी आमचेकडे दिल्या होत्या त्यांस पाणवठ्यावर "तिकडची" म्हणू लागले, आणि एक बाई तर सहा नातवंडांची आजी, तीही "तिकडची" जाहली. मग दोन्हीकडील तरुणांनी "ही शीवच आम्हांस मान्य नाही" म्हणोन शिवेचे धोंडे उपटिले, काही आमच्यांनी पूर्वेस टाकिले आणि काही त्यांच्यांनी पश्चिमेस टाकिले, आणि कोठे शीव होती हे कोणास दिसेनासे जाहले. कान्हनाक त्याच वर्षी तापाने वारला. दोन्ही फौजा माळाचे दोन कडांस येऊन तळ देऊन बसल्या.

तेव्हां दोन्ही गावचे वृद्ध एकत्र येऊन दोन्ही राजांचे पायी गेले आणि बोलिले, "जुने रीतीने शीव चालवावी." दोन्ही राजांचे मनात लढाई नव्हती. त्यांनी मान्य केले. परंतु चालणार कोण? कान्हनाक मेला, उरला धोंडनाक, आणि तो आमचे राज्याचा. मोहगावचे पाटील पुढे होऊन म्हणाले, "तोच चालो. त्याचा लेक तुमचे फौजेत आहे आणि लेक आमचे गावात नांदते. दोन्ही लेकरांची आण त्याने घ्यावी. चाळीस दिवसांत त्याचे घरी अपमृत्यू घडला तर तो खोटे चालला ऐसे समजावे. न घडला तर तो चालला तीच शीव." ही रीत पूर्वापार होती, ती दोहोंकडून कबूल जाहली. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथ नाम संवत्सर, फाल्गुन वद्य पंचमीचा दिवस नेमिला.

चतुर्थीस दुपारी अवधूतराव स्वतः महारवाड्यात गेले आणि मला संगे नेले. राज्याचा कारभारी महारवाड्यात पाऊल टाकतो हे त्याआधी कोणी पाहिले नव्हते. धोंडनाक घाईघाईने बाहेर येऊन लांब उभा राहिला आणि जोहार केला. पंत म्हणाले, "धोंडनाका, जवळ ये. आज अंतर नको."

तो दोन पावले आला.

"उद्या तू चालणार. शीव तळ्याचे कोणीकडून जाते?"

"मायबाप, चालल्यावर दिसंल."

"मला आज सांग."

मग पंत बसले, तेथेच त्याचे अंगणातील दगडावर, आणि म्हणाले, "मी तुला लालूच दाखवावयास आलो नाही. माझे ऐक. तळे आपले जाहले तर लढाई होणार नाही, ते लोक नमतील. आणि मी कुलदैवताची शपथ घेऊन सांगतो, की तू तळ्याचे पूर्वेकडून चाललास, तर पुढील पौर्णिमेस कातळवाडीची विहीर तुझे सर्व लोकांस खुली करीन. मी स्वतः पहिला पोहरा ओढून तुझे हाती देईन. निशाणापुढे सर्व एक, तर विहिरीवरही एक. एका चालण्यात तुझ्या सात पिढ्यांचे काम होते."

मी धोंडनाकाकडे पाहत होतो. त्याने वळून आपल्या खोपटाकडे पाहिले, तेथे रिकाम्या घागरी पालथ्या घातल्या होत्या. मग तो म्हणाला, "सरकार, हिर खुली करनं तुमच्या हाती हाय?"

"आहे."

"मंग ती आजच करा. शिवंसाठी का थांबलाय?"

पंतांनी त्या घागरींकडे पाहिले.

धोंडनाक म्हणाला, "मी चुकीचं चाललो, तर त्या पान्यात माझ्या पोरांची आन भिजलेली असंल. ते पानी माझ्या लोकांस्नी कसं पाजू? आनि मायबाप, शीव माझी न्हाई, तुमची बी न्हाई. धोंडं पुरून गेलं त्यांची हाय. मला फकस्त वाट ठावं."

पंत उठले. वेशीपाशी थांबून म्हणाले, "हा मनुष्य जर लिहावयास शिकला असता." आणि चालू लागले.

पंचमीस सूर्योदयी धोंडनाकाने स्नान केले, उपास धरिला होताच, आणि माळाचे उत्तर टोकास शिवेची माती घेऊन तिचे ढेकूळ डोक्यावर ठेविले, आणि दोन्ही लेकरांची नावे घेऊन आण घेतली, आणि चालू लागला. पश्चिमेस आमची फौज, त्यात रतनाक भाला घेऊन उभा. पूर्वेस त्यांची फौज, आणि तिचे मागे मोहगावची माणसे, त्यात राही. तो वय वर्षे साठ, अनवाणी, मान ताठ, डोळे पुढे, आणि दोन्ही हात मोकळे. जेथे धोंडा उपटला होता तेथे तो बरोबर थांबे आणि पायाने गवत सारी, आणि खाली खड्डा दिसे. ऐसे अकरा खड्डे त्याने दाखविले. मग तो तळ्यापाशी आला. पश्चिमेस वळला तर तळे त्यांचे, पूर्वेस वळला तर आमचे. तो वळला नाही. तो सरळ पाण्यात उतरला. पाणी गुडघ्यास आले, कमरेस आले, छातीस आले, आणि हनुवटीस लागले, आणि डोक्यावरील ढेकूळ कोरडेच. तळ्याचे मध्यावर तो थांबला आणि पायाने काही चाचपले आणि मोठ्याने बोलिला, "हितं हाय. पडलाय, पर हाय." मग दोन्हीकडील दोन पोहणारे पाण्यात गेले आणि त्यांनी बुडी मारून सांगितले की खाली घडीव धोंडा आडवा आहे. शीव तळ्याचे मधून होती. अर्धे तळे आमचे आणि अर्धे त्यांचे, ऐसे आमचे पणजोबांनी आणि त्यांचे पणजोबांनी ठरविले होते, आणि दोन्ही पक्षांस शंभर वर्षे ते पुरले होते.

आता पुरले नाही. आमचे फौजेतून कोणी ओरडला, "विकला गेला!" आणि नेमके तेच शब्द पलीकडूनही आले. दोन्हीकडे ज्यांनी गीतात "आमची माय" म्हटले होते त्यांस अर्धी माय घेऊन घरी जाणे जमेना. धोंडनाक पाण्यातून निघून पुढे दक्षिण टोकापर्यंत चालला, आणि ढेकूळ खाली ठेविले, आणि मग बसला. त्याजपाशी कोणी गेले नाही. दुसरे दिवशी आमचे काठी भटजींनी तळ्यात गोमूत्र शिंपडिले, की महार पाण्यात उतरला होता. हे मी पाहिले आणि बोललो नाही.

आठ दिवसांत एका आमचे स्वाराने त्यांचे चौकीवर बाण टाकिला, की त्यांचे स्वाराने आमचे चौकीवर, याविषयी दोन्ही दप्तरांत दोन मजकूर आहेत. लढाई पेटली. ती महाराजांस नको होती, अवधूतरावांस नको होती, परंतु गीत जे लोकांचे तोंडी बसले होते ते परत घेण्याचा हुकूम कोणासही लिहिता येईना. आणि एकतिसावे दिवशी, म्हणजे चाळीस दिवसांचे आत, शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर लागल्यावर, वर्तमान आले की मोहगावावर आमची तुकडी चालून गेली, त्यात रतनाक पडला. लोकांनी दिवस मोजिले. मग आमचे लोक बोलिले, "आण खोटी ठरली, तळे सर्व आमचेच होते." आणि त्यांचे लोक बोलिले, "आण खोटी ठरली, तळे सर्व आमचेच होते." आणि दोहोंस लढण्यास ज्यास्त जोर आला. लढाई तीन वर्षे चालली. तीत किती माणसे गेली याचा आकडा मी लिहिला होता, तो मोठा आहे, येथे पुनः लिहवत नाही.

धोंडनाकाचे काय जाहले ते सांगतो. गाव त्यास खोटा म्हणे, हे एक. त्याचे स्वतःचे लोकही म्हणत, "खोटंच चालायचं व्हतं तर पंतांच्या बाजूनं चालायचं व्हतं, हिर तरी मिळाली असती." परंतु सर्वांत वाईट हे, की त्यास स्वतःसच संशय पडला. मी त्यास चावडीचे मागे पाहत असे, तो धुळीत बोटाने खड्डे मांडी, एकापुढे एक अकरा, आणि मग पुसून पुनः मांडी. एकदा मला म्हणाला, "धनी, सातव्या धोंड्यापाशी मी डावा पाय आधी टाकला का उजवा? तुमी लिवलं व्हतं ना?" मी म्हणालो, "धोंडनाका, तू बरोबर चाललास." तो म्हणाला, "मंग माझं पोर का गेलं?"

तीन वर्षांनी दोन्ही राज्ये थकली आणि तह जाहला. तहात शीव तळ्याचे मधून ठरली. परंतु आता तिजवर धोंडे नव्हते, काटेरी झुडपांचे कुंपण घातले, आणि दोन्हीकडे चौक्या बसल्या, आणि माणूस किंवा जनावर परवान्याविना पार होऊ नये ऐसे ठरले. मी आमचे चौकीवर परवाने लिहिण्यास गेलो. तेथे एके दिवशी सकाळी कुंपणाचे पलीकडे एक बाई येऊन उभी राहिली. मी ओळखिली. राही होती. केस अर्धे पांढरे जाहले होते. ती म्हणाली, "माझ्या बा ला बोलवा. येवढं बोलून जाते." पलीकडील चौकीदार भला होता, त्याने पाठ फिरविली. मी माणूस पाठवून धोंडनाकास आणविले. कुंपण दोन हात रुंद होते, त्याचे दोन्हीकडे बापलेक उभे राहिले.

राही बोलिली, "बा, रत्न्याला मी मूठमाती दिली. आमच्या आंब्याखाली. तुला कुनी सांगितलंय का?"

धोंडनाकाने मान हलविली, की नाही.

"त्यो माझ्याच दारात सापडला. त्याचं लोक पळालं व्हतं, त्याच्या मांडीत बान व्हता, म्हनून मागं राह्यला. मी त्याला आत ओढत व्हते तवर आमचे शिपाई आले. त्यांचा नाईक आमच्याच गावचा, मला वहिनी म्हनतो. त्यानं पुसलं, 'कोन रं तू?' बा, त्याला ठावं व्हतं. त्यो पोराच्या तोंडाकडं बघत व्हता आनि माझ्या तोंडाकडं बघत व्हता, नाक सारखंच हाय आमचं. मी वरडले, 'रत्न्या, सांग, राहीचा भाऊ हाय म्हनून सांग!' नाईक बी म्हनला, 'सांग लवकर, कुनाचा कोन?' येवढं म्हनला असता तर त्यानं माघारी पाठवला असता, त्याला तसंच करायचं व्हतं."

"मंग?" धोंडनाक म्हणाला.

"त्यानं तुमच्या राज्याचं नाव सांगितलं. भिताडाला धरून हुबा राह्यला आनि मोठ्यानं सांगितलं. नाईकाच्या मागं धा शिपाई व्हते, त्यास्नी सगळ्यांनी ऐकलं. मंग नाईकाला काय करता येना."

ती रडत नव्हती, तीन वर्षांत रडून जाहले होते. ती पुढे म्हणाली, "तुझ्या पायानं न्हाई गेला त्यो, बा. त्याच्या तोंडानं गेला. तू बरोबर चाललास. मी त्या दिवशी काठावर व्हते. मामंजी असते तर तसंच चालले असते."

धोंडनाक कुंपणास धरून उभा राहिला, काटे हातात गेले ते त्यास कळले नाही. मग तो म्हणाला, "चावडीपुढं एकदा त्याला हुबा केला, एकदाच. तेवढ्यावर आख्खा जलम दिला त्यानं." आणि पुढे म्हणाला, "त्याला पानी पाजलंस का मरताना?"

"पाजलं, बा. माझ्या घागरीचं."

हे सर्व मी ऐकिले, आणि राजधानीस जाऊन अवधूतरावांस जसेच्या तसे सांगितले. पंत तीन वर्षांत वाळून गेले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसरे दिवशी भरदरबारी उभे राहिले आणि महाराजांपुढे पगडी उतरून बोलिले, "शीव चालण्याचे आदले दिवशी मी धोंडनाकाचे अंगणात जाऊन त्यास खोटे चालण्यास सांगितले, आणि विहिरीचे वचन दिले, आणि त्याने नाकारिले. तो खरे चालला. आण खोटी ठरली नाही, आम्ही खोटे ठरलो. त्याचे लेकास मी देशाचा लेक म्हटले आणि त्याने ते खरे मानिले. हे दप्तरी लिहून घ्यावे." महाराजांनी लिहून घेण्यास सांगितले आणि मीच ते लिहिले, आणि प्रत कातळवाडीस वाचून दाखविली गेली. लोक खाली माना घालून उठून गेले. अवधूतरावांनी विहीर खुली करण्याचाही हुकूम काढिला. परंतु त्यांचे कारभारपण त्याच महिन्यात गेले, आणि गावकऱ्यांनी हुकुमाचे उत्तरी लिहिले की विहिरीचे पाणी आटले आहे. ते आटले नव्हते. धोंडनाकाचे लोक आजही सांडव्याखाली उभे राहतात, आणि निशाणाचे दिवशी मागील रांगेत.

मग धोंडनाकाने मजपाशी येऊन म्हटले, "धनी, मला लेकीकडं जायाचंय. माघारी यायाचं न्हाई." मी परवाना लिहिला. कारण काय लिहावे, तर "बापाने लेकीचे घरी राहणे" ऐसे लिहिले. वरिष्ठांनी पुसले, हे कारण यादीत नाही. मी म्हणालो, यादीत घाला.

तो निघाला तेव्हां मी त्यास कुंपणापर्यंत पोचविले. ज्येष्ठ महिना, ऊन कडक, आणि तो आता फार वाकला होता. फाटकाचे मधोमध, जेथे धड हे राज्य नाही आणि धड ते नाही, तेथे त्याचे पाय थकले आणि तो खाली बसला. आमचा चौकीदार म्हणाला, "बाबा, उठा, हितं बसायचा हुकूम न्हाई." पलीकडील चौकीदारही तेच म्हणाला.

धोंडनाक वर न पाहता म्हणाला, "जरा दम खाऊ द्या रं पोरांनो. ही हद्द तुमच्या आधी माझ्या पायांनी चाललीया."

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग राही पलीकडून आली, परवाना नव्हता, तरी आली, आणि बापाजवळ मातीत बसली, आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन चेपू लागली. कोणी तिला उठविले नाही. दोघे चौकीदार भाले टेकून उभे राहिले, आणि मीही उभा राहिलो, आणि ऊन थोडे कलले. मग ती त्यास धरून घेऊन गेली.

तात्पर्य, हे सर्व मी पाहिले तैसे लिहिले. धोंडनाक मोहगावी चार वर्षे राहून वारला, आणि त्याचे लेकाचे शेजारी त्यास ठेविले, ऐसे कळले. अवधूतराव क्षेत्री जाऊन राहिले, तेथून त्यांचे पत्र येत असे, पुढे बंद जाहले. आता माझे वय पंचाहत्तर. माळावर गवत पुरुषभर वाढते आणि कोणी कापीत नाही. नवे लोक मला पुसतात की, तेथे जत्रा भरत असे हे खरे काय, आणि शत्रूचे कुंभारांचे माठ तुम्ही घरात ठेवीत होता काय? मी सांगतो, ते शत्रू नव्हते, मोहगावचे होते, आणि त्यांच्या माठात पाणी फार गार राही. ते हसतात. आम्ही जे होतो ते फार चांगले होतो ऐसे नाही, परंतु मला ते लोक आठवतात, आणि आठवणाराही आता मी एकटाच राहिलो, म्हणोन लिहून ठेविले. लेखनात न्यून पडले असेल ते वाचणाराने पुरे करावे. शुभं भवतु.